किन्नौरच्या छपरावर अंबरनाथचा स्टँड

मी आयुष्यातला पहिला बर्फ फोटोत पाहिला. तो फोटो एका तक्रारीच्या पत्राला टाचणीने लावलेला होता.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत लालचंदसेठचं वर्कशॉप होतं. आधी तिथं खिडक्यांची ग्रिलं आणि पाण्याच्या टाक्यांचे स्टँड बनायचे. मग सेठच्या डोक्यात सोलर शिरलं. पॅनलं बाहेरून तयार यायची. त्यांना लोखंडी स्टँड, बॅटरीची पेटी, चार्जिंगवर लक्ष ठेवणारा कंट्रोलर आणि वायरी जोडून आम्ही पूर्ण संच पाठवायचो. माझे वडील तिथं पहिल्यापासून फिटर. मी डिप्लोमा करून वर्षभरापूर्वीच ड्रॉइंगच्या टेबलावर बसले होते. बापलेक एकाच शेडमध्ये. सकाळी दोघांचे डबे एकदम भरले जायचे आणि पालेगावच्या शेतांच्या कडेने आम्ही चालत कामाला जायचो. तेव्हा तिथं खरंच शेतं होती. भाताची खाचरं, बांधावर बगळे, थंडीत वालाच्या शेंगांचा वास. आता मी बदलापूरला राहते; कधी त्या वाटेला गेले तर समोर उंच इमारती दिसतात आणि आम्ही नक्की कुठून चालायचो ते बोट दाखवून सांगता येत नाही.

पत्र हिंदीत होतं. हिमाचलातल्या किन्नौर जिल्ह्यात, पार तिबेटच्या बाजूला असलेल्या एका उंचावरच्या गावातून आलेलं. एका संस्थेने तिथल्या आरोग्य उपकेंद्राला आमचा चार पॅनलांचा संच बसवून दिला होता. लिहिणारी तिथली नर्स, छेरिंग. ‘गर्मी में बहुत अच्छा चला. बर्फ़ गिरने के बाद दो महीने से बत्ती नहीं है. गाँववाले कहते हैं, उतारकर वापस भेज दो. मैं टॉर्च पकड़कर डिलिवरी कराती हूँ.’ फोटोत एक सपाट छप्पर होतं, त्यावर गुडघाभर पांढरं, आणि त्या पांढऱ्यातून वर आलेला एक काळपट निळा कोपरा. आमच्या चार पॅनलांपैकी तेवढंच दिसत होतं.

“कंट्रोलर गया होगा,” सेठ म्हणाले. “थंडीत माल मरतो. सुजाता बेटा, ड्रॉइंग तेरा है, तू जा. और जाधव, तू पण जा. पोरगी एकटी कशी जाणार?” सेठचं हिंदी-मराठी असं एकाच वाक्यात कूस बदलायचं. “और पाँच गाँव लाइन में हैं. हा माल परत आला तर ते पाचही गेले समज.”

पप्पांनी फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि काही न बोलता परत दिला. ते एरवीही कमी बोलायचे, म्हणून मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

गरम कपड्यांची खरेदी उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये, सेठच्या ओळखीच्या दुकानात झाली. दुकानदार कपाळावरचा घाम पुसत आम्हाला जाडजूड जॅकेटं घालून दाखवत होता. “बरफ में बैठ जाओ बहन, पता नहीं चलेगा,” म्हणाला. सेठाणींनी घरी बोलावून कोक्यांचा गठ्ठा बांधून दिला. कोकी म्हणजे कांदा घातलेली सिंधी लोकांची जाड पोळी, चार दिवस सहज टिकते. आईने सुकटीची चटणी डब्यात भरून डब्याला दोन फडकी गुंडाळली, तरी वास यायचा तो आलाच. पप्पांनी बूट घ्यायला साफ नकार दिला. केमिकलच्या कंपनीत पाइपलाइनचं काम करताना मिळालेले त्यांचे काळे गमबूट होते. “पाण्यात चालतात, मग बर्फात का नाय चालणार? बर्फ म्हणजे पाणीच ना?”

रिकाँगपिओच्या पुढे

कल्याणहून दिल्ली, दिल्लीहून शिमला, शिमल्याहून रिकाँगपिओ. या चार दिवसांतलं सांगण्यासारखं एवढंच, की माझ्या जॅकेटची चेन शिमल्याच्या बसस्टँडवरच तुटली आणि पुढचा सगळा प्रवास मी पोटाला सुतळी बांधून केला. आणि दुसरं म्हणजे रिकाँगपिओला सकाळी खिडकी उघडली तेव्हा समोरचा डोंगर पाहून पप्पा हातात दात घासायचा ब्रश तसाच धरून उभे राहिले. आमच्याकडे मलंगगड दिसतो, चंदेरी दिसतो, पावसाळ्यात त्यांच्या अंगावरून पाण्याच्या रेघा उतरतात. ते डोंगर आपण मान न वळवता पाहतो. इथं डोंगराचा माथा शोधायला मान मागे टाकावी लागत होती. “एवढा कशाला केला असेल?” पप्पा म्हणाले. त्यांना खरंच उत्तर हवं होतं असं वाटलं.

पुढची बस सतलजच्या काठाने वर वर गेली. झाडं विरळ झाली, मग संपली. खडकाचा आणि बर्फाचा, असे दोनच रंग उरले. एका वळणावर रस्त्यावर बर्फ घसरून आला होता. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि सांगितलं, ज्यांचं गाव जवळ असेल त्यांनी चालत जावं. आमचं गाव दोन तासांवर होतं. गावातला एक म्हातारा त्याच बसने परतत होता. हिरव्या मखमली पट्टीची टोपी, चेहऱ्यावर उन्हाने भाजलेल्या सुरकुत्या. आम्ही कुठं जाणार हे कळल्यावर त्याने आमची हत्यारांची पिशवी आपल्या पाठीवर घेतली. त्याला सगळे मेमे म्हणायचे, मेमे म्हणजे आजोबा. नर्स छेरिंग त्याच्याच घरात खोली घेऊन राहत होती.

चालताना गमबुटांचा निकाल लागला. रबर दगडासारखं कडक झालं, तळवे सरकायला लागले आणि पप्पा तीनदा पडले. तिसऱ्यांदा पडले ते उठेचनात. बर्फात बसून हसत होते. मीही हसायला लागले, आणि हसताना मला दम लागला, कारण हवाच पुरत नव्हती. मेमेने पप्पांचे बूट काढले, झोळीतून लोकर काढून पायांना गुंडाळली, बूट पुन्हा चढवले आणि वरून दोरीचे दोन वेढे दिले. मग म्हणाला, “अब चलेगा. बंबई का जूता, किन्नौर की ऊन.” हिंदीत ऊन म्हणजे लोकर. पप्पा आज असते तर ही ओळ त्यांनी तुम्हाला माझ्या आधी सांगितली असती, पुढे कितीतरी वर्षं ते ती पाहुण्यांना सांगत होते.

गावात

घरं दगड, माती आणि लाकडाची, छपरं सपाट. आमच्या कोकणातल्या गावी कौलं इतकी उतरती असतात की पाऊस क्षणभर थांबत नाही. इथं पाऊस जवळजवळ नसतोच, म्हणून छपराचं अंगण करतात: त्यावर सरपण रचतात, जर्दाळू वाळवतात, ऊन खात बसतात. बर्फ पडला की घराघरातून माणसं लाकडी फावडी घेऊन वर चढतात आणि छपरं मोकळी करतात. हे काम इतकं रोजचं, की त्याबद्दल कोणी बोलतही नाही, जसं आपण सकाळी पाणी भरतो तसं.

छेरिंगदीदी माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी असेल. गोल चेहरा, भराभर चालणं, बोलणं त्याहून भरभर. तिने आम्हाला आधी तंदूरपाशी बसवलं. तंदूर म्हणजे त्यांची लोखंडी शेगडी, खोलीच्या मधोमध. लाकूड जळतं, धूर पाइपातून छपराबाहेर जातो. घरातलं सगळं त्याच्याभोवती चालतं. लोणी आणि मीठ घातलेला चहा आला. पप्पांनी एक घोट घेतला आणि मला मराठीत म्हणाले, “आमटी समज आणि पी.” तसं समजल्यावर खरंच बरा लागला. आम्ही सुकटीचा डबा उघडला तेव्हा छेरिंगदीदी नाक धरून बाहेर पळाली. मेमेने मात्र थुकप्यात, म्हणजे शेवयांच्या गरम सूपात, चमचाभर टाकून खाल्ली, मग अजून चमचाभर, आणि डबा स्वतःकडे ओढून घेतला.

“आप लोग बौद्ध हैं?” त्याने विचारलं. पप्पांच्या पिशवीवर मी धाग्याने धम्मचक्र भरलेलं होतं, ते त्याने पाहिलं होतं.

“हो. हाँ,” पप्पा म्हणाले.

“कब से?”

“मेरे बाप के टाइम से. सन छप्पन से.”

मेमेने हिशेब केला आणि तो मोठ्याने हसला. “हम तो पता नहीं कब से! दादा के दादा के भी पहले से.”

पप्पांनी कप खाली ठेवला. मग सावकाश म्हणाले, “आप लोग पैदा हुए बौद्ध. हम लोग अपने मन से हुए.”

मेमेचं हसणं थांबलं. त्याने पप्पांकडे नीट पाहिलं आणि मान डोलवली. दुसऱ्या दिवशी तो त्यांना गोंपात, म्हणजे तिथल्या बौद्ध मठात, घेऊन गेला. तिथले तुपाचे दिवे, भिंतभर रंगवलेली चित्रं, फिरवायची चक्रं हे सगळं पप्पांना अनोळखी होतं. आमच्या विहारात पांढरी भिंत, एक मूर्ती, मेणबत्त्या आणि पांढरे कपडे घातलेली माणसं. पण मूर्तीसमोर त्यांनी आपल्या पद्धतीने गुडघे टेकून त्रिशरण म्हटलं, आणि मेमे शेजारी हात जोडून उभा राहिला. दोघांना एकमेकांचे शब्द कळत नव्हते, सूर मात्र ओळखीचा वाटत असावा.

पण हे मी पुढचं सांगितलं. पहिल्या दिवशी चहा संपल्यावर आम्ही उपकेंद्राच्या छपरावर गेलो.

छपरावर

ऊन लख्ख पडलं होतं. इतकं, की डोळे उघडे ठेवता येत नव्हते. चारही बाजूंनी डोंगर चमकत होते, आणि त्या सगळ्या उजेडात आमची चार पॅनलं बर्फाच्या गादीखाली झोपली होती. छपरावरचा बाकी बर्फ लोकांनी काढला होता. पॅनल फुटेल या भीतीने तेवढ्याला कोणी हात लावला नव्हता, आणि काढलेला बर्फही नकळत त्याच्याच पायथ्याशी साचला होता.

मी हाताने बर्फ बाजूला केला. एका पॅनलच्या काचेला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे गेले होते.

“ये कैसे टूटा?” मी विचारलं.

“बरफ के वज़न से,” मेमे म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला.

मी स्टँडकडे पाहिलं. आणि मला कळलं.

हे ड्रॉइंग माझं पहिलं होतं. बदलापूरच्या एका फार्महाउससाठी आम्ही बनवलेल्या स्टँडचं जुनं ड्रॉइंग काढून मी त्यावरून ते केलं होतं. पॅनल सूर्याकडे किती तिरकं ठेवायचं हे गाव किती उत्तरेला आहे त्यावर ठरतं. बदलापूर-अंबरनाथला वीस अंश पुरतात. मी पॅनलांची संख्या बदलली, बोल्ट बदलले, गावाचं नाव बदललं. कोन तसाच राहिला. वीस अंशांचा उतार म्हणजे बर्फाच्या दृष्टीने जवळजवळ सपाट जमीन. शिवाय पॅनलची खालची कड छपराला टेकायला आलेली. वरचा बर्फ घसरला तरी त्याला उतरायला जागाच नव्हती. आणि पॅनलमधले सेल साखळीसारखे एकमेकांना जोडलेले असतात. खालची एक रांग झाकली गेली तरी वरच्यांचा करंट अडतो. वरचा कोपरा उन्हात असून उपयोग नव्हता.

“क्या खराबी है?” छेरिंगदीदी शिडीवरून विचारत होती.

माझ्या तोंडून निघालं, “कंट्रोलर गया है. नया लाए हैं, बदल देते हैं.”

पप्पा वाकून स्टँडच्या पायाशी काहीतरी बघत होते. त्यांनी मान वर केली नाही.

खाली जाऊन मी चांगला कंट्रोलर काढला आणि नवा बसवला. छेरिंगदीदीने बातमी गावभर केली की बंबईचे इंजिनियर आले, मशीन बदललं, आता बत्ती येईल. एक बाई वाळवलेले जर्दाळू घेऊन आली आणि माझ्या ओंजळीत ओतून गेली. ते गोड होते, पण एक खाऊन बाकीचे मी खिशात टाकले.

संध्याकाळी तंदूरभोवती आम्ही पाच-सहा जण बसलो होतो. छेरिंगदीदी राजमा ढवळत होती. पप्पा आगीकडे बघत, शांतपणे, मराठीत म्हणाले, “कंट्रोलर चांगला होता ना?”

कोणाला मराठी कळत नव्हतं, तरी माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. “हो.”

“मग?”

“कोन चुकलाय. माझ्याकडनं.”

“ठाऊक हाय मला.”

“कधीपासून?”

“वेल्डिंग मारताना. पेटीवर पत्ता हिमाचलचा बघितला. म्हटलं, आपल्या गावाला पावसासाठी एवढी उतरती कौलं, आणि बर्फाला हे आडवं कसं चालायचं?”

मला राग आला. स्वतःचा यायला हवा होता, आला त्यांचा. “मग बोलला का नाहीत? दोन महिने ही बाई टॉर्च धरून बसली, पप्पा!”

पप्पांनी एक लाकूड आगीत सरकवलं. “तुझं पहिलं ड्रॉइंग होतं. सगळे बघत होते, जाधवची पोरगी टेबलावर बसली म्हणून. मी फिटर माणूस. सगळ्यांसमोर तुझी चूक काढली असती तर ते बोलले असते, बघा, बापालाच शिकवायला लागतंय. म्हणून गप ऱ्हायलो.” मग थोड्या वेळाने, “चूकच झाली माझी. एकटीला बाजूला घेऊन बोलायला पायजे होतं. पण मला वाटलं, तू शिकलेली हाईस, तुला काय ते ठाऊक असंल.”

छेरिंगदीदी हसत विचारत होती, “क्या बात कर रहे हैं पापा?”

“घर की बात,” मी म्हणाले.

कबुली

सकाळी ढग होते. बत्ती लागली नव्हतीच. छेरिंगदीदी उपकेंद्रात बटण वर-खाली करत उभी होती, आणि दारात गावातली दहा-बारा माणसं. गावाने ठरवायचं होतं: पॅनलं ठेवायची की उतरवून पाठवून द्यायची. एक जण म्हणत होता, सोलर हे गरम मुलखाचं काम, इथं चालणारच नाही.

मी पप्पांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच पाहत होते, पण बोलणार नव्हते हे मला कळलं. हे मलाच बोलायचं होतं.

“दीदी, मैं कल झूठ बोली,” मी म्हणाले. “कंट्रोलर ठीक था. गलती पैनल की भी नहीं है. स्टैंड मैंने अपने गाँव के हिसाब से बनाया. आपके गाँव के हिसाब से नहीं सोचा.”

छेरिंगदीदीचा चेहरा उतरला. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, “दिसंबर में एक औरत को मैंने टॉर्च में टाँके लगाए. टॉर्च मुँह में पकड़ के.”

“हाँ दीदी.”

“ठीक होगा?”

“होगा,” पप्पा मागून म्हणाले. त्यांच्या मोडक्या हिंदीत ते म्हणाले, “दो दिन दो. लकड़ी दो. हो जाएगा. नहीं हुआ तो हम खुद उठाके ले जाएँगे.”

तेव्हा मेमे पुढे आला. टोपी काढून हातात धरली. “वो काँच…” तो म्हणाला, “बरफ से नहीं टूटा. मैंने गरम पानी डाला था. सोचा, बरफ पिघल जाएगा. आवाज़ हुई, टक. मैंने किसी को बोला नहीं.” तो छेरिंगदीदीकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. गारठलेल्या काचेवर उकळतं पाणी. ती फुटणारच होती. दीदी त्याच्यावर त्यांच्या भाषेत अशी काही बरसली, की दारातली माणसं हसायला लागली. माझ्यावरचाही थोडा राग त्यात निघून गेला असावा.

काम

गावात वेल्डिंगची सोय नव्हती. पप्पांनी ते मनावर घेतलंच नाही. मेमेच्या गोठ्यात देवदाराचे जुने वासे पडले होते, ते त्याने बाहेर काढले. स्टँडचे मागचे पाय लांब करायचे आणि पुढचे पायही फूटभर उचलायचे, म्हणजे बर्फाला खाली पडायला जागा राहील. पप्पांनी हाताच्या ड्रिलने वाशांना भोकं पाडली, बोल्ट कसले. मी डिप्लोमाच्या वेळचा कोनमापक आणला होता. त्याला दोरा आणि नट बांधून ओळंबा केला आणि दर वेळी कोन सांगत गेले. बत्तीस. अडतीस. वासे संपले तेव्हा पंचेचाळीस झाले होते. उभ्या पॅनलात वारा भरणार म्हणून पोत्यांत दगड भरून ती पायांना बांधली. थंडीने बोटं इतकी बधिर व्हायची, की स्पॅनर हातातून सुटलेला आवाजावरून कळायचा.

दुपारी जेवायला बसलो की गावातली माणसं येऊन आमच्याकडच्या गोष्टी विचारत. बर्फ नाही, तर पॅनलवर काय पडतं? मी सांगितलं, धूळ पडते, कंपन्यांची काजळी पडते, मार्च-एप्रिलमध्ये बोट फिरवलं तर काळी रेघ उठते. छेरिंगदीदीला हे फारच वाईट वाटलं. “काजळी पिघलती भी नहीं,” म्हणाली.

दोन दिवसांत काम झालं आणि त्याच संध्याकाळी पुन्हा बर्फ पडायला लागला. दुसरा सगळा दिवस पडत राहिला. आम्ही तंदूरपाशी बसून होतो. पप्पा आणि मेमे गमबुटांना आतून नमदा शिवत होते. नमदा म्हणजे लोकरीचं जाड कापड. मला काहीच करायला नव्हतं आणि सगळं चुकेल असं वाटत होतं.

ऊन

तिसऱ्या सकाळी आभाळ निळं झालं होतं. आम्ही छपरावर चढलो. पॅनलांवर वीतभर बर्फ होता. मी पुढे हात केला तर पप्पांनी मनगट धरलं. “थांब. आपल्या हाताने काढलास तर ते काय कामाचं? हिवाळाभर तू येणार हाईस काय इथं?”

आम्ही बसून राहिलो. मेमे, दीदी, शेजारच्या छपरांवरची माणसं. नऊ वाजले. वरच्या कडेला काचेची एक काळी रेघ उघडी पडली. ती काळी काच उन्हाने तापायला लागली, रेघ रुंद झाली, काचेला लागलेला बर्फ आतून ओला झाला. मग पहिल्या पॅनलवरची सगळी लादी एकदम हलली आणि सर्रकन खाली गेली. धप्प असा आवाज झाला. मेमेने टाळी वाजवली. दुसरं, तिसरं. खाली एक पट्टी मात्र चिकटून राहिली. ती सुटायला अकरा वाजले.

मी अँपिअरचा मीटर जोडला. काटा चढला आणि चढतच राहिला. फुटलेलं पॅनल वगळून तीनच जोडली होती, तरी आमच्या गच्चीवर एप्रिलच्या उन्हात अशा तीन पॅनलांनी एवढा काटा कधी चढवला नव्हता. मी मीटर ठोकून पाहिला. मग लक्षात आलं. सूर्याचं ऊन तर होतंच, पण आजूबाजूच्या बर्फावरून उसळलेला उजेडही पॅनलवर येत होता. आणि पॅनलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. अंबरनाथच्या गच्चीवर ते तापून थकतं. इथं गारठ्यात ते ताजंतवानं होतं.

“सोलर गरम मुलखाचं काम, असं कोण बोललं होतं?” पप्पांनी मला विचारलं आणि मी ते हिंदीत सगळ्यांना सांगितलं.

दुपारी चारला छेरिंगदीदीने उपकेंद्राचं दार लावून घेतलं, खिडकीला घोंगडी लावली आणि बटण दाबलं. पांढरी ट्यूबलाइट लागली. तपासणीचं टेबल, भिंतीवरचा आईबाळाचा तक्ता, स्टीलची ताटली, सगळं दिसायला लागलं. ती टेबलाच्या एका बाजूला जाऊन उभी राहिली, मग दुसऱ्या बाजूला, जिथं उभं राहून ती बाळंतपण करते. दोन्ही हात पुढे धरून तिने ते उलटेसुलटे करून पाहिले. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून ती बराच वेळ उभी राहिली. माझ्या जॅकेटची सुतळी तिच्या बांगडीत अडकली होती, ती सोडवताना आम्ही दोघी हसलो.

निघताना सगळ्या गावाने जर्दाळू आणि चिलगोजे, म्हणजे पाइनच्या बिया, इतके दिले, की हत्यारांची पिशवी फुटायला आली. मेमे वळणापर्यंत सोबत आला. “जुले,” तो म्हणाला. तिथला नमस्कार तो. पप्पा म्हणाले, “जय भीम.” मग मेमेने “जय भीम” म्हणून पाहिलं आणि पप्पांनी “जुले.”

परत

अंबरनाथला उतरलो तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता आणि घामाने अंग चिकचिकलं. दुसऱ्याच दिवशी वर्कशॉपमध्ये, चहाच्या वेळी, सगळे जमलेले असताना मी सेठना सांगितलं की कंट्रोलर बरा होता, चूक माझ्या ड्रॉइंगची होती.

सेठ कपातला चहा बशीत ओतता ओतता थांबले. “ये तूने गाँववालों को भी बोला?”

“बोलले.”

“और वो लोग?”

“पॅनलं ठेवली. एक बदलून पाठवायचंय.”

सेठनी चहा संपवला. “फिर बैठ. पाच गावांचं ड्रॉइंग बनव. चांगलं बनव.”

मी टेबलावर बसले. नवा कागद ताणला, पट्टी लावली, पाय वाढवले, कोनाच्या जागी पंचेचाळीस लिहिलं. हातावरची काजळी चिंधीला पुसत पप्पा आले. एरवी ते टेबलाच्या पलीकडे उभे राहून ड्रॉइंग मागायचे. त्या दिवशी अलीकडे, माझ्या खांद्याशी येऊन उभे राहिले.

“पंचेचाळीस नको.”

शेजारच्या ग्राइंडरवरचा माणूस थांबला. दोघं-तिघं वळून बघायला लागले.

“का?”

“खालची पट्टी अकरापर्यंत अडकली होती. पाच वाढव. आणि पुढचे पाय फूटभर नाय पुरायचे. दीड कर.”

“पण पप्पा, पन्नासला उन्हाळ्यात कमी मिळेल.”

“उन्हाळ्यात त्यांना दिवस मोठा. बत्ती थंडीत पायजे.”

“आणि वारा?”

“वाऱ्याचं माझ्यावर सोड. तिरका आधार मारतो मागनं. काढ तो पण, इथून इथं.” त्यांचं काळं बोट कागदावर टेकलं आणि कोऱ्या ड्रॉइंगवर डाग उमटला.

मी रबराने पंचेचाळीस खोडलं आणि पन्नास लिहिलं. पप्पांनी वाकून नीट पाहिलं.

“आता बरोबर,” ते म्हणाले. अख्ख्या शेडला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.